ज्यांच्यासाठी वर्ग काढला, तेच का गेले? ठाण्यातल्या एका ग्रंथालयाचा अनुभव

हे प्रकरण ठाणे पश्चिमेतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाचं आहे. मी तिथल्या कार्यकारिणीवर आहे आणि यातले बरेच निर्णय माझ्या सहीने झाले, चुकलेलेही. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून कुणाचंही नाव दिलेलं नाही आणि काही तपशील बदलले आहेत. मोठ्या माणसांसाठी इंग्रजी संभाषणाचा वर्ग काढावा असं अनेक ग्रंथालयांच्या मनात असतं. त्यांना आमचा अनुभव उपयोगी पडावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

पार्श्वभूमी

आमचं ग्रंथालय वागळे इस्टेटच्या बाजूला, चाळी आणि जुन्या सोसायट्यांच्या मधे आहे. खाली पुस्तकांची देवघेव आणि वर्तमानपत्रांचा कक्ष, वर अभ्यासिका. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झालं आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत. आमच्या जुन्या सभासदांपैकी कितीतरी जणांचं आयुष्य तिथल्या कारखान्यांत गेलं. हजेरी, पाळी, युनियन, सगळं मराठीत चालायचं. त्याच रस्त्यांवर आता काचेच्या कचेऱ्या आहेत आणि घोडबंदर रोडला टॉवर. जुन्या कामगाराचा मुलगा तिथे सुरक्षारक्षक आहे, सून घरून डबे पुरवते, आणि नातवाला शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के राखीव जागांमधून इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला आहे. घरातल्या तिघांपुढेही इंग्रजी रोज येऊन उभं राहतं.

वर्गाची मागणी देवघेवीच्या टेबलावर आली. दिवाळी अंक बदलायला आलेल्या एका ताईंनी पिशवीतून मुलाची शाळेची डायरी काढली आणि ग्रंथपाल मॅडमना हळूच म्हणाल्या, "एवढं वाचून सांगता का? खाली उत्तर पण लिहायचंय." मॅडमनी लिहून दिलं. पुढच्या आठवड्यात आणखी दोघी डायऱ्या घेऊन आल्या.

नोव्हेंबर 2024 च्या बैठकीत मॅडमनी विषय मांडला. केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय 3 ऑक्टोबरला घेतला होता, त्याचा आनंद ताजा होता. आमचे एक ज्येष्ठ सदस्य अगदी कळवळून बोलले. "ठाण्यात 1893 साली मराठी ग्रंथ संग्रहालय उभं राहिलं ते मराठी पुस्तकं एका जागी मिळावीत म्हणून. आपण त्याच गावातले, आणि आता आपण इंग्रजीचे वर्ग काढायचे?" हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नव्हता. मॅडमनी ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या 1931 च्या पंचसूत्रीतलं शेवटचं सूत्र सांगितलं, की ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. पण बैठक वळली ती त्यांच्या पुढच्या वाक्याने. "डायरी घेऊन येणारी बाई आपली मराठी वाचक आहे. ती आपल्याकडे नाही येणार तर कुठे जाईल?" ज्येष्ठ सदस्यांनी होकार दिला, पण एक अट घातली. वर्गाला येणाऱ्या प्रत्येकाने दर आठवड्याला एक मराठी पुस्तक घरी न्यायचं. ही अट मला तेव्हा अडवणूक वाटली होती.

शिकवायला आमच्याच सभासदांपैकी एक निवृत्त शिक्षक विनामोबदला तयार झाले. इंग्रजीच शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. वर्ग विनामूल्य ठेवला, कारण वर्गणी लावली तर डायरीवाल्या ताई येणार नाहीत हे आम्हाला माहीत होतं. झेरॉक्स आणि चहाचा खर्च सभासदांच्या देणगीतून करायचं ठरलं. जानेवारी 2025 मध्ये, मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी 7 वाजता, वरच्या अभ्यासिकेच्या बाजूच्या खोलीत वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी 31 जण आले. खुर्च्या खालून वर न्याव्या लागल्या.

अडचण

सहाव्या आठवड्यात हजेरीपटावर 12 नावं उरली. उरलेले कोण, हे पाहिलं आणि मला चैन पडेना. 12 पैकी 9 जण पदवीधर किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. मुलाखतीत अडखळायला होतं, म्हणून ते येत. त्यांची गरज खरी होती आणि त्यांचं येणं आम्हाला हवंच होतं. पण डायरीवाल्या ताई नव्हत्या. डबे पुरवणाऱ्या ताई नव्हत्या. गणवेशातच येऊन मागच्या खुर्चीवर बसणारे सुरक्षारक्षक दादा नव्हते.

कार्यकारिणीत लगेच कारणं निघाली. लोकांना चिकाटी नाही. फुकटाची किंमत नसते. बायकांना वेळ मिळत नाही. मीही यातलं एक कारण बोललो आणि ते बोललो याचं आज वाईट वाटतं, कारण गेलेल्या एकालाही तोवर आम्ही विचारलं नव्हतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी आणि मॅडमनी मिळून गेलेल्या सगळ्या 19 जणांना फोन केले. 15 जण मोकळेपणाने बोलले. वेळेची अडचण खरी होती. संध्याकाळी सात म्हणजे घराघरांत कुकर लावायची वेळ, आणि बारा तासांची पाळी करणारा रक्षक आठच्या आत सुटत नाही. दादा दर वेळी कुणाला तरी तासभर आपल्या जागी उभं करून येत होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. पण वेळेपेक्षा वेगळंच काहीतरी पुन्हा पुन्हा ऐकू आलं. डबेवाल्या ताई म्हणाल्या, "उभं राहून सगळ्यांसमोर बोलायला सांगतात. माझं चुकलं की पुढची पोरं हसत नाहीत, पण वळून बघतात." डायरीवाल्या ताई म्हणाल्या, "पहिल्या दिवशी बारा काळांचा तक्ता दिला. नववीत हाच तक्ता पाठ झाला नाही म्हणून मी शाळा सोडली होती." आणि दादांचं म्हणणं असं होतं, "हिंदीवर माझं भागतं हो. पण सुपरवायझर व्हायचं तर रिपोर्ट इंग्रजीत लागतो. आणि दुसरं म्हणजे, गाडी थांबवून मी 'स्टॉप' म्हणालो की साहेब चिडतात. मी काय चुकीचं म्हणतो तेच कळत नाही."

या तिसऱ्या उत्तरावर मी बरेच दिवस विचार करत होतो. दादांना शब्द येत होता, अर्थ येत होता, उच्चार बरोबर होता. त्यांच्याकडे नेमकं काय नव्हतं?

समोरचे पर्याय

मार्चअखेरच्या बैठकीत चार गोष्टींवर बोलणं झालं. वर्ग बंद करून गरजूंना बाहेरच्या खाजगी क्लासची अर्धी फी द्यावी, ही सूचना लवकर मागे पडली. तेवढे पैसे नव्हते, आणि जिथे आपल्या माणसांत बोलायला भीती वाटते तिथे परक्या क्लासात ती कमी होईल असं कुणालाच वाटलं नाही.

प्रवेशपरीक्षा घेऊन दोन तुकड्या कराव्यात, हा पर्याय सर्वांना पटण्यासारखा होता. खाजगी क्लासही तेच करतात. मीही त्याच बाजूचा होतो. मॅडमनी एवढंच विचारलं, "परीक्षेच्या भीतीने शाळा सोडलेल्या बाईला आपण दारातच परीक्षा देणार का? आणि मग ती 'कच्च्या' तुकडीत बसणार, शेजारीण 'पक्क्या'त?" मी माझं मत बदललं.

तिसरा पर्याय वर्ग घेणाऱ्या सरांचा होता, तो त्यांनी बैठकीच्या आधीच सुचवला होता. वर्गात मराठी शब्द बोलायचा नाही. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असं ते म्हणाले. त्यांच्या अनुभवाचा मान राखून आम्ही एक शुक्रवार तसा करून पाहिला होता. मी मागे बसलो होतो. पदवीधर मुलं उत्साहाने बोलली. पहिल्यांदाच आलेले एक भाजीविक्रेते काका पाऊण तास गप्प बसले आणि नंतर मला म्हणाले, "पाणी प्यायला जाऊ का, हे कसं विचारायचं ते कळेना." मराठी आवरायला हवी हे सरांचं म्हणणं मला आजही पटतं. पण ज्याच्यापाशी इंग्रजीची दहा वाक्यं नाहीत, त्याची मराठीही काढून घेतली तर त्याच्या हातात काहीच उरत नाही.

चौथा पर्याय एका तरुण सदस्याने आणला. इंग्रजी किती येतं यावरून गट करायचे नाहीत. इंग्रजी कशासाठी हवं आहे, यावरून करायचे. युरोपीय परिषदेने 2001 मध्ये भाषाशिक्षणाची जी चौकट प्रसिद्ध केली, त्यात एवन ते सीटू अशा सहा पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांची वर्णनं माणूस त्या भाषेत काय करू शकतो, या पद्धतीने लिहिलेली आहेत. स्वतःची ओळख करून देऊ शकतो, समोरचा सावकाश बोलला तर साधी विचारपूस करू शकतो, अशी. आम्ही पायऱ्या बाजूला ठेवल्या आणि ही पद्धत उचलली. हाच पर्याय ठरला.

सरांना विचारायचं राहिलं

इथे माझी सर्वांत मोठी चूक झाली. ही बैठक सरांशिवाय झाली. ते बाहेरगावी होते आणि आम्ही थांबलो नाही. आठवड्याने मी त्यांच्या घरी जाऊन निर्णय सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला काढायचं असेल तर सरळ सांगा." मी खूप समजावलं, पण ज्या माणसाने तीन महिने स्वतःच्या खर्चाने खडू आणि तक्ते आणले, त्याला ठरलेली गोष्ट कळवायला गेलो होतो. समजावण्याने ते भरून येत नाही. मी क्षमा मागितली.

दहा दिवसांनी सर आपणहून ग्रंथालयात आले आणि माझ्यापुढे एक कागद ठेवला. दादांच्या 'स्टॉप'चं कोडं त्यांनी सोडवलं होतं. मराठीत आदर क्रियापदातच असतो. 'बस' आणि 'बसा', 'थांब' आणि 'थांबा'. एका कान्यात मान येतो, वेगळा शब्द लागत नाही. इंग्रजीत ती सोय नाही. 'तू', 'तुम्ही', 'आपण' या तिघांनाही एकच 'यू'. त्यामुळे 'थांबा' मनात धरून दादा 'स्टॉप' म्हणतात तेव्हा साहेबाच्या कानावर 'थांब' पडतं. दादांनी मान दिलेला असतो, तो वाटेत गळून जातो. तो पुन्हा आणायचा तर 'कुड यू', 'मे आय', 'वन मिनिट, सर' अशी वेगळी जुळणी करावी लागते. 'काय?' या अर्थी 'व्हॉट?' म्हटलं की तसंच होतं, तिथे 'सॉरी?' हवं. 'मला हवंय' चं 'आय वॉन्ट' केलं की हुकूम वाटतो, तिथे 'आय वुड लाइक' हवं.

आमच्या सगळ्या उपक्रमात सर्वांत मोलाचं काही असेल तर तो हा कागद. व्याकरणाचा माणूस होता म्हणूनच तो लिहू शकला. सरांकडे आम्ही रविवार सकाळची मुलाखतवाल्यांची तुकडी दिली. तिथे काळांचा तक्ता खरोखरच हवा असतो आणि ती मुलं सरांना सोडत नाहीत.

काय केलं

एप्रिलपासून वर्ग दुपारी तीन ते सव्वाचार झाला आणि खालच्या वर्तमानपत्र कक्षात आला. वर असताना स्पर्धा परीक्षेची मुलं आवाजाची तक्रार करत होती आणि त्यांचं बरोबर होतं. दुपारी तीनला वर्तमानपत्रं वाचणारे आजोबा घरी झोपलेले असतात, कक्ष रिकामा असतो. त्यातले दोघे पुढे लवकर येऊन बसू लागले आणि एकजण, बँकेतून निवृत्त झालेले, आमचे सोबती झाले.

वर्गात मदत करणाऱ्यांना आम्ही सोबती म्हणतो. एका टेबलाशी चार जण आणि एक सोबती. शाळेचं टेबल, गेटचं टेबल, धंद्याचं टेबल. उभं राहून बोलायचं नाही, फळ्यापाशी जायचं नाही. जे बोलायचं ते चौघांत. प्रत्येकाने आपल्याला खरोखर अडलेला एक प्रसंग आणायचा. डबेवाल्या ताईंनी मोबाइलवर आलेली ऑर्डर दाखवली, 'सिक्स पॅक्स, लेस ऑइल, नो ऑनियन गार्लिक.' पॅक्स म्हणजे पाकिटं समजून त्यांनी एकदा सहा डबे नेले होते. गिऱ्हाइकाला सहा माणसांचं एकत्र जेवण हवं होतं. त्या दिवशी टेबलावर पॅक्स या एका शब्दावर अर्धा तास बोलणं झालं, आणि ताईंनी गिऱ्हाइकाला परत विचारायचं वाक्य स्वतः जुळवलं.

सरावाची एक पद्धत चांगली चालली, ती तपशिलाने सांगतो. दोघांच्या हातात वेगवेगळे कागद द्यायचे. एकाकडे शाळेच्या सभेचा दिवस आणि वेळ आहे, पण खोली नाही. दुसरीकडे खोली आहे, वेळ नाही. कागद दाखवायचा नाही, विचारूनच पुरा करायचा. पाठ केलेलं वाक्य इथे उपयोगी पडत नाही, कारण उत्तर खरोखरच माहीत नसतं. हाच खेळ आम्ही वाशीला जाणाऱ्या गाडीचा फलाट, दवाखान्याची वेळ, पार्सलचा पत्ता यांवर केला.

सोबत्यांना दोन नियम दिले. वाक्य पुरं होईपर्यंत चूक काढायची नाही. चुका कागदावर टिपायच्या आणि शेवटी फक्त तीन सांगायच्या. 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' किंवा 'टुडे मॉर्निंग' यांनी अर्थ अडत नाही, त्या पुढे पाहता येतील. 'अ' आणि 'द' तर आपल्याकडे नाहीतच, ते कानाला सवय झाल्यावर येतील. उच्चारांवर आम्ही फारसा वेळ घातला नाही. बाजारातला ज आणि जीवनातला ज असे दोन ज आपल्या तोंडात आधीच आहेत, म्हणून 'झिरो' अडत नाही.

दुसरा नियम होता प्रश्न विचारल्यावर मनात पाच अंक मोजायचे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांची निरीक्षणं करून दाखवलं, की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एकच सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि चांगली येतात. ती निरीक्षणं मुलांच्या विज्ञानाच्या वर्गांतली होती. आमच्या टेबलांवर माणसाला आधी मराठीत जुळवून मग इंग्रजीत न्यायचं असतं, म्हणून आम्ही पाच धरले. आमच्या कॉलेजच्या सोबतिणींना हे गप्प बसणं सर्वांत जड गेलं.

मराठी किती, याचं उत्तर हळूहळू सापडलं. प्रसंग समजून घ्यायला आणि अडलं तर विचारायला मराठी. प्रसंग सुरू झाला की संपेपर्यंत इंग्रजी.

काय झालं

गेलेल्या 19 पैकी 9 जण परत आले. मे महिन्यात सगळे गावाला जातात म्हणून वर्ग बंद ठेवला. जूननंतर मंगळवार-शुक्रवार 20 ते 24 जण येत राहिले, त्यात नवे बरेच. ज्येष्ठ सदस्यांची पुस्तकाची अटही टिकली. तिच्याबद्दलचं माझं मत चुकलं. इंग्रजीत अडखळून दमलेली माणसं शेवटची दहा मिनिटं कपाटांपाशी उभी राहून पुस्तकांवर मराठीत भरभरून बोलतात. त्या दहा मिनिटांत कुणीच कच्चं नसतं. नवे सभासदही मिळाले, पण मला ते दृश्य जास्त महत्त्वाचं वाटतं.

डायरीवाल्या ताईंचा प्रसंग ऑगस्टमधला. शाळेच्या पालकसभेसाठी त्यांनी तीन आठवडे दोन वाक्यांची तयारी केली होती. गणितात तो कुठे मागे पडतो, आणि घरी मी काय करू. सभेत त्यांनी दोन्ही वाक्यं इंग्रजीत विचारली. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मराठीत उत्तर दिलं. बाई मराठीच होत्या, साताऱ्याकडच्या. पंधरा मिनिटं दोघी अपूर्णांकांवर बोलल्या.

ताई शुक्रवारी वर्गात आल्या तेव्हा टेबलावर आनंद होता, पण त्या स्वतः विचारात होत्या. "मग मी गेली दोन वर्षं मराठीतच का नाही विचारलं?" शेजारच्या ताई म्हणाल्या, "तेव्हा तू तोंडच उघडलं नसतंस." डायरीवाल्या ताईंनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालं नाही, आणि माझंही झालेलं नाही. आम्ही त्यांना इंग्रजी दिलं, की मराठीत प्रश्न विचारायचा त्यांचा हक्क आधी मागायला हवा होता? सप्टेंबरपासून शाळेच्या टेबलावर आम्ही एक वाक्य पहिल्याच दिवशी देतो, 'मे आय स्पीक इन मराठी?'

पुन्हा करायचं तर

वर्ग सुरू करण्याआधी डायरी घेऊन येणाऱ्या तिघींना समोर बसवून वेळ आणि पद्धत विचारेन. आम्ही त्यांच्याबद्दल बोललो, त्यांच्याशी बोललो नाही. एखादी व्यक्ती सलग दोनदा आली नाही तर त्याच संध्याकाळी फोन करेन. सहा आठवडे थांबल्यामुळे 10 माणसं कायमची गेली, त्यातल्या चौघांचे फोन आता लागत नाहीत. आणि सरांना पहिल्या बैठकीला बोलावेन.

दुपारच्या वेळेने बायकांची सोय झाली, पण पाळीवाल्यांची झाली नाही. दादा एप्रिलमध्ये परत आले होते, जूनमध्ये त्यांची पाळी बदलली आणि येणं थांबलं. त्यांच्या गेटजवळच्या क्लबरूममध्ये आठवड्यातून एकदा रात्री सव्वाआठला, पाळी सुटल्यावर टेबल लावता येईल का, यासाठी सोसायटीला पत्र दिलं आहे. उत्तर यायचं आहे. तोवर बँकेतले काका दर गुरुवारी दुपारी दीडला, दादांच्या जेवणाच्या सुट्टीत, त्यांना फोन करतात. सरांचा कागद दोघांसमोर असतो. काका गाडीतले साहेब होतात, दादा गेटवर उभे असतात.